हेग्लुंड मास्तरांच्या वहीतली सिग्ने

रविवार, ६ जुलै २०२५
सेंट पॉल, मिनेसोटा

चि. हिमानी,

पाकीट उघडलंस, एवढ्यावरच मी आज खूश आहे. तू उघडलं नसशील तर जावईबापू वाचत असतील. निमिषराव, नमस्कार, आणि हे पान कृपया बायकोच्या हातात द्यावं.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर सहा वर्षं माझ्या प्रत्येक मेसेजपुढे एकच टिक आहे. आधी मला वाटायचं, ॲरिझोनात नेटवर्क वाईट असेल. मग एकदा आपले मराठी मंडळाचे अध्यक्ष बाळकाका यांनी मला बाजूला घेऊन त्या एका टिकेचा अर्थ सांगितला आणि वर स्वतःहून चहा पाजला. बाळ चहा पाजतो म्हणजे मामला किती गंभीर असेल ते तुला माहीत आहे. म्हणून हा कागद.

तुझ्या आईचं तिकीट ४ ऑक्टोबरचं आहे. तुझी तारीख दिवाळीच्या सुमाराची, तेव्हा ती आधी येऊन स्वयंपाकघर ताब्यात घेणार. माझं तिकीट काढलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तिनं बोलावलं तर या. मी मध्ये पडणार नाही." नीनाचा आवाज असा असला की मी पुढे बोलत नाही. पहिलं नातवंड यायचंय आणि मला तिथं असायचं आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. पण ते आज विचारत नाही. आज एक गंमत सांगतो.

ज्या चर्चच्या तळघरात तू दर रविवारी मराठी शाळेला जायचीस आणि बाराखडीपेक्षा खिचडीकडे जास्त लक्ष द्यायचीस, ते चर्च बंद होतंय. सतराच सभासद उरले. इमारत विकली गेली. तळघरात एकतीस खोकी निघाली, जुन्या वह्या, कागद, फोटो. सगळं सप्टेंबरअखेर शिकागोच्या संग्रहालयात जायचंय आणि त्याआधी कुणीतरी यादी करायला हवी. बत्तीस वर्षं या राज्याचे पूल तपासलेला, निवृत्त, घरात बायकोच्या पायात येणारा माणूस त्यांना आयताच सापडला.

वह्या निम्म्या स्वीडिश भाषेत आहेत. ती वाचायला डोरिस एंगस्ट्रॉम म्हणून एक बाई येतात, वय चौऱ्याऐंशी. त्या स्वीडिश वाचून इंग्रजीत सांगतात, मी टाइप करतो. पहिल्या दिवशी मी चकल्या नेल्या. मनोहर त्यांना म्हणता येत नाही. एक खाऊन म्हणाल्या, "मॅनो, हे दातांसाठी आहे की दातांविरुद्ध?" जमलं आमचं.

सातव्या खोक्यात एक फोटो निघाला. छातीपर्यंत दाढी, डाव्या हाताला तीनच बोटं, आणि डोळे असे की फोटोवाल्यालाच काहीतरी विचारतोय. मागं लिहिलंय, योनास हेग्लुंड, पाद्री आणि शिक्षक. कोण रे बाबा तू, असं मी मराठीतच विचारलं. डोरिसबाई म्हणाल्या, "तो उत्तर देईल, पण हळूहळू. आधी पुढचं खोकं उचल."

तब्येत सांभाळ. बाकी उत्तम.

बाबा


रविवार, २० जुलै

चि. हिमानी,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, टपालखात्याला दोष देऊन मोकळा झालो.

हेग्लुंडनं म्हातारपणी स्वतःबद्दल चाळीसेक पानं लिहून ठेवली आहेत. जन्म १८४६चा, उत्तर स्वीडनमधल्या एका खेड्यात. बाप गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचा आणि पोरांना अक्षरं शिकवायचा. तिथं राज्याचं एकच चर्च. मूल जन्मलं की आठवड्याच्या आत त्याच्या कपाळावर पाणी शिंपडून नाव वहीत चढवायचं. आणि ती वही घेऊन पाद्री वर्षातून एकदा घरोघर फिरायचा. सगळं घर ओळीनं उभं करून धर्माचे पाठ म्हणून घ्यायचा आणि कुणाला किती येतं ते नावापुढे मांडायचा. घरातल्या मोलकरणीलासुद्धा मार्क! वही उचलून पाद्र्यामागं चालायचं काम हेग्लुंडच्या बापाचं. मला हे वाचून इतकी मजा वाटली की मी नीनाला हाक मारून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही त्याच खात्यात शोभला असता."

एकोणिसाव्या वर्षी पोरगा बॅप्टिस्टांच्या नादी लागला. हे तुला मी काय सांगणार, पण मला हे सत्तराव्या वर्षी नीट कळलं, म्हणून लिहितो. त्यांचं म्हणणं, तान्ह्या बाळाला काय कळतं? माणसानं कळत्या वयात स्वतः ठरवावं आणि मग पूर्ण पाण्यात बुडून वर यावं. त्यानं एप्रिलमध्ये नदीत बुडी मारली. नदीत अजून बर्फाचे तुकडे वाहत होते. घरी आला तर बापानं दारातच विचारलं, "आम्ही दिलेलं नाव कमी पडलं का?" आणि कोरडे कपडे बाहेर ठेवून दार लावलं.

मी टाइप करायचा थांबलो. डोरिसबाई चष्म्यावरून बघत होत्या. "घाई नाही," म्हणाल्या.

तुझ्या त्या कार्यक्रमाला, २०१९च्या, आम्हाला येता आलं नाही. नीनाला ताप होता, हे तुला तेव्हा कळवलंच होतं. ते सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तीन वर्षांनी तो बोटीत बसला. बापाची परत भेट नाही. इथं येऊन लाकडाच्या गिरणीत लागला, तिथं दोन बोटं गेली. बोटांबद्दल त्यानं एकच ओळ लिहिली आहे, पण गिरणीत इंग्रजी कुणी शिकवलं त्यावर तीन पानं. जखमेपेक्षा मास्तर मोठा वाटणारा माणूस. मला आवडायला लागलाय.

बाबा


रविवार, ३ ऑगस्ट

चि. हिमानी,

आज जरा रागावून लिहितोय, आधीच सांगतो. दोन पत्रं झाली. तुझी आई अंगणात तुळशीला पाणी घालायला म्हणून जाते आणि पाऊण तास येत नाही. एवढ्या पाण्यात भात पिकला असता. ती तुझ्याशी बोलते हे मला कळतं आणि मला कळतं हे तिला कळतं. मी खिडकीतून बघतो, ती हसत असते. तू तिला काय सांगतेस? मला वाईट वाटतं, हिमानी. झालं, लिहिलं.

आता हेग्लुंड मास्तर. मी त्याला आता पाद्री म्हणत नाही, मास्तरच म्हणतो. शिकागोला पाद्र्यांच्या शाळेत शिकून तो १८७८ साली या चर्चला आला. तेव्हा इथल्या श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी करायला स्वीडनहून आलेल्या शेकडो पोरी होत्या. सोळा, सतरा, अठरा वर्षांच्या. त्यांना आठवड्यातून एकच अर्धी सुट्टी, गुरुवारी दुपारी. इतर पाद्री म्हणायचे, गुरुवारी प्रार्थना ठेवा. मास्तरांनी शाळा ठेवली. त्याच तळघरात, हिमानी, जिथं तू पाढे म्हणायचीस.

काय शिकवलं ऐक. इंग्रजी, हिशेब, आणि नकाशा. भिंतीवर अमेरिकेचा मोठा नकाशा लावायचा आणि प्रत्येकीनं स्वतः कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायचं. एका मुलीला वाटत होतं आपण न्यूयॉर्कमध्येच आहोत. बोटीतून उतरल्यावर कुणी गाडीत बसवलं, कुणी उतरवलं, तिला बाराशे-तेराशे मैल आल्याचा पत्ताच नव्हता! आणि मालकिणीचा कागद सही करायच्या आधी कसा वाचायचा, याचा वेगळा तास. मालकिणी चिडल्या. एकीनं पत्र लिहिलंय की तुमच्या शाळेपासून आमची हिल्डा प्रश्न विचारते. ते पत्र मास्तरांनी जपून ठेवलंय. डोरिसबाई वाचताना इतक्या हसल्या की त्यांना पाणी आणून दिलं.

पुढे तिथंच मोठी शाळा झाली, साठ विद्यार्थी, मुलगेही. चर्चचे कारभारी म्हणाले, फक्त होणाऱ्या पाद्र्यांना शिकवा. मास्तर म्हणाले, भूमिती आली तर पाद्र्याचं काही बिघडत नाही. भूमिती शिकवायला त्यांनी स्वतःची अठरा वर्षांची मुलगी नेमली, सिग्ने. तिच्या हातच्या आकृत्या आहेत एका वहीत. मी आयुष्यभर आकृत्या बघितल्या. पोरीचा हात इंजिनिअरचा आहे.

एक किरकोळ गोष्ट. मंडळाच्या स्नेहसूचीत, त्या नावपत्त्यांच्या यादीत, २०२०पासून आमच्या नावाखाली तुझं नाव दिसत नाही. कुणी तुला दाखवलं असेल तर तू मनाला लावून घेऊ नकोस. छपाईत गेलं असणार.

बाबा


रविवार, १७ ऑगस्ट

हिमानी,

काल सोळावं खोकं उघडलं. सभासदांचं नोंदणीपुस्तक. या लोकांची पद्धत अशी की प्रत्येक सभासदाचं नाव, आत आल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात तो गेला कसा. वारला, तर वारला. दुसऱ्या गावच्या चर्चला गेला, तर आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा दाखला दिला. आणि काहींपुढे, नाव कमी केलं. हे सभेत हात वर करून ठरायचं. कुणी दारू प्यायला, कुणी नाचाला गेला.

डोरिसबाई वाचत होत्या, मी टाइप करत होतो. एके ठिकाणी त्या थांबल्या. मग वाचलं, "सिग्ने हेग्लुंड, वय वीस. १२ मार्च १८९३. सभेच्या मतानं नाव कमी केलं." अक्षर मास्तरांचं.

मला खरंच वाटेना. मी म्हणालो, दुसरी कुणी सिग्ने असेल. बाई म्हणाल्या, "मॅनो, तुला नको असलेली गोष्ट चुकीची असतेच असं नाही." आम्ही त्या दिवशीच्या सभेचं इतिवृत्त शोधून काढलं. सिग्ने स्वतः सभेत उभी राहून बोलली होती. ती म्हणाली, मला अकराव्या वर्षी पाण्यात बुडवलं. पाद्र्याची मुलगी म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते आणि मला नाही म्हणायचं सुचलं नाही. माणसानं स्वतः ठरवावं असं तुम्हीच शिकवता. मग ते ठरवणं माझं नव्हतं आणि ते असल्यासारखं मी इथं बसू शकत नाही.

बापाची शिकवण तिनं बापापेक्षा नीट पाळली. त्यावर काय बोलणार? सभेनं हात वर केले. मास्तरांनी केला की नाही ते लिहिलेलं नाही. पण नोंद त्यांनी केली. चिटणीस शेजारीच बसलेला असताना पेन यांनी घेतलं. का घेतलं असेल? मला कालपासून हाच प्रश्न. लोकांना दाखवायला, की बघा मी घरच्यांनाही सोडत नाही? की दुसऱ्या कुणाच्या हातून ते नाव खोडलं जाणं सहन होईना म्हणून?

मी का केलं ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो. छपाईत काही गेलं नव्हतं. स्नेहसूचीचा संपादक मीच होतो. कोणाची मुलं कुठं असतात ते कळावं म्हणून आपण बाहेरगावच्या मुलांचीही नावं देतो, तुला ठाऊकच आहे. आमच्या नावाखाली होतं, अपत्ये: हिमानी (चँडलर, ॲरिझोना). तू पाण्यात उतरलीस त्याच्या पुढच्या महिन्यात मी फाइल उघडली आणि ते पुसून तिथं एक आडवी रेघ टाकली. लोक विचारतील, हिमानी काय म्हणते, आणि मला सांगावं लागेल. त्यापेक्षा नावच नको. आणि राग होता. घरात देव होते, आरत्या होत्या, आम्ही होतो, मग तुला आणखी काय हवं होतं? आम्ही तुला कमी पडलो असं वाटलं. ते रागापेक्षा वाईट होतं.

दोन वर्षांपूर्वी प्रीता नावाची नवी मुलगी मंडळात आली. तिनं यादी वाचून नीनाला विचारलं, "काकू, तुम्हाला मूलबाळ नाही का?" नीना घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वरण वाढताना म्हणाली, "छपाईत गेलं म्हणे." बस्स एवढंच. तिला पहिल्यापासून माहीत होतं.

तुला ही यादी कुणीतरी दाखवली असणार आणि त्यामुळेच ती एक टिक आहे, हे मी सहा वर्षं ओळखून आहे. माझं चुकलं, हिमानी. फार चुकलं.

बाबा


सोमवार, ८ सप्टेंबर

चि. हिमानी,

गणपती झाले, काल विसर्जनानंतरची मंडळाची वार्षिक सभा झाली. त्याबद्दल सांगायचंय, पण त्याआधी मास्तरांचं सांगतो, कारण त्यांच्यामुळेच मी उभा राहिलो.

१८९९ सालच्या सभेत हेग्लुंड मास्तरांनी ठराव मांडला की सिग्नेच्या नावापुढची नोंद काढून टाकावी. सहा वर्षांनी. कारभारी म्हणाले, नियम असा आहे की तिनं स्वतः येऊन विनंती करावी, मग विचार करू. त्यावर मास्तरांचं बोलणं चिटणिसानं जसंच्या तसं उतरवलंय. "दार मी लावलं. ठोठावायला तिला का सांगता?" मतं मोजली. बाजूनं चौदा, विरुद्ध एकतीस. मास्तरांनी त्याच सभेत पाद्रीपदाचा राजीनामा दिला. शाळा मात्र सोडली नाही, १९११पर्यंत शिकवत राहिले.

तर काल सभा. यंदा उकडीचे मोदक कमी का पडले यावर पंचवीस मिनिटं चर्चा, पार्किंगवर पंधरा. मग बाळ म्हणाला, "इतर विषय? नसतील तर चहा." मी उभा राहिलो. मी म्हणालो, "मी संपादक असताना आमच्या मुलीचं नाव स्नेहसूचीतून मुद्दाम काढलं. ती बॅप्टिस्ट झाली म्हणून काढलं. नीनाला आणि तुम्हाला खोटं सांगितलं. ते नाव परत घालावं असा माझा ठराव आहे."

मला वाटलं आता मतदान होणार, माझेही चौदा निघतील. तर बाळ म्हणाला, "अरे मनोहर, बस खाली. ठराव कसला? पीडीएफ आहे ती, यार." आता अंतरा संपादक आहे, तिनं तिथंच लॅपटॉप उघडला. "काका, सिंपल आहे, आत्ता ॲड करते." दीड मिनिट लागलं असेल. सहा वर्षं मी जे उरावर घेऊन फिरलो ते काम दीड मिनिटाचं होतं. मग ती म्हणाली, "फक्त नवीन पॉलिसीमुळे हिमानीताईचा कन्सेंट लागेल. फॉर्म मेल करते." प्रीता जवळ येऊन म्हणाली, "सॉरी काकू, मला माहीत नव्हतं." नीना तिला म्हणाली, "तू का सॉरी म्हणतेस? तू तर विचारलंस." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येताना गाडीत नीनानं विचारलं, "भूक लागली का?" मला तेवढंच पुष्कळ झालं.

आज सकाळी शेवटचं खोकं भरताना शाळेच्या हजेरीपुस्तकात १९०४ सालची शिक्षकांची यादी मिळाली. भूमिती: एस. हेग्लुंड. पुढं १९११पर्यंत दर वर्षी तेच नाव. ती परत आली होती, हिमानी! चर्चमध्ये नाही, शाळेत. चर्चच्या वहीत तिचं नाव पुन्हा कधीच नाही, आणि खाली तळघरात बापाच्या शेजारच्या वर्गात सात वर्षं शिकवत होती. मी डोरिसबाईंना म्हणालो, म्हणजे त्यानं माफी मागितली असणार, तिनं केली असणार, रोज बरोबर कॉफी घेत असतील. बाई म्हणाल्या, "हजेरीपुस्तकात एवढंच आहे की ती हजर होती. बाकी तू लिहितोयस."

बरोबर आहे त्यांचं. पण मी आता विचारतो. ४ तारखेला नीनाबरोबर मी येऊ का? तू फॉर्मवर सही केलीस तर मी समजेन.

बाबा


बुधवार, १७ सप्टेंबर
चँडलर

डिअर बाबा,

माझं मराठी लिखाण त्या तळघरातच थांबलंय, सो चुका काढू नका.

तुमची पाचही पत्रं मिळाली. पहिलं निमिषनं मोठ्यानं वाचलं, स्वतःचं नाव आल्यावर फार खूश झाला. मग मी ती माझ्याकडे घेतली. गुरुवारच्या मुलींचं तीनदा वाचलं. आमच्या फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, नव्या आलेल्या मुलींना मी ऑफर लेटर कसं वाचायचं ते दाखवते, दर शुक्रवारी लंचला. हे तुम्हाला माहीत नाही, कारण आपण बोलत नाही.

फॉर्मचं आधी सांगते. मी 'नो' केलंय. अंतराला बिचारीला वाटलं चुकून झालं, तिनं परत पाठवला, परत 'नो' केलं. रागानं नाही. मी मिनेसोटात राहत नाही, मला त्या लिस्टमध्ये नसायचंय. आणि बाबा, मला हे माहीतच नव्हतं. मी ती पीडीएफ आयुष्यात कधी उघडलेली नाही. आईनंही सांगितलं नाही. तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग खूप रडले, मग निमिषनं वरणभात केला. तुम्ही सहा वर्षं एका अशा गोष्टीचं ओझं घेऊन फिरलात जी मला माहीतच नव्हती. आणि जी मला माहीत होती ती तुम्ही पाच पत्रांत परत एकदा तशीच लिहिलीत.

आईला ताप नव्हता. ती बॅग भरून सोफ्यावर बसली होती आणि तुम्ही तिकिटं कॅन्सल केलीत. तिनं त्याच आठवड्यात मला सांगितलं.

त्या दिवशी मी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. एकीवर माझं जॅकेट, एकीवर पर्स. गर्दी होती, लोक उभे होते. एक काका दोनदा विचारायला आले, या घेऊ का? मी म्हटलं, नाही, माझे आईबाबा येतायत, फ्लाइट लेट आहे. मला तेव्हा माहीत होतं की तुम्ही येणार नाही. तरी म्हटलं. पाण्यातून वर आले, नाकात पाणी, केस डोळ्यांवर, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि मला पहिलं काय दिसलं तर ते जॅकेट. ब्लॉक मी त्यासाठी केलं होतं. लिस्टसाठी नाही.

सिग्नेनं चर्च का सोडलं हे शोधायला तुम्ही सोळा खोकी उपसलीत आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना तळघरात बसवलंत. तुमच्या मुलीनं का धरलं हे एकदाही विचारलं नाहीत. पाच पत्रं, बाबा. 'आणखी काय हवं होतं' हे तुम्ही लिहिलंत, पण ते विचारणं नव्हतं, ते रागावणं होतं. मी १८९३ची नाही. मी इथं आहे, जिवंत आहे, आठव्या महिन्यात आहे आणि दुपारी चारनंतर घरी असते. तुम्हाला अनब्लॉक केलंय. विचारा. उत्तर मोठं आहे आणि त्यात तुमच्याविरुद्ध काही नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही रात्रभर जागाल.

आईबरोबर या. बाळाला आजोबा पाहिजेत, आणि मलाही तुम्ही इथं पाहिजे आहात. भांडलो तर भांडू.

डॉक्टर नको म्हणेपर्यंत मी दर रविवारी चर्चच्या दहाच्या सर्व्हिसला जाते. निमिष दारात सोडतो आणि डोसा खायला जातो. तुम्ही त्याच्याबरोबर डोसा खायला गेलात तरी चालेल, खरंच. आत आलात तरी चालेल. या वेळी मी खुर्ची धरून ठेवणार नाही. आलात तर दोघं मिळून शोधू.

हिमानी